मला सिमेंटसारखं चढवा

नऊ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसहाला मी सागवानी फळीला मेणबत्ती घासत बसले होते. फळी अडीच फूट लांब, नऊ इंच रुंद, कडा गोल केलेल्या. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत सरकायला मी ती रोज वापरते. त्या दिवशी तिच्यावरून मला होडीत जायचं होतं, म्हणून मेणाचा एक हात जास्त.

माझे पती विलास दारात उभे राहून बघत होते. सतरा दिवसांपूर्वी याच कामात मी तोंडावर पाण्यात पडले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा होता.

"अजून विचार कर," ते म्हणाले. "मार्चमध्ये रस्ता वाळेल. गाडीने जाऊ सावकाश."

"मार्चपर्यंत थांबायला आई तयार नाही. अहो, ती पिशवी भरा. लघवीच्या नळ्या वरच्या कप्प्यात, कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये."

त्यांनी पिशवी भरली. आमच्याकडे वाद असे संपतात.

हे मी लिहिते आहे ते खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. औषधांचं मला फारसं कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. बाकीचं सांगते.

तो दिवस

नागापूरला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, माप बरोबर असेल तर हिरव्या ट्रेत, चुकलं तर लाल ट्रेत. मे महिन्यातली एक सकाळ. पायांना मुंग्या आल्या. वाटलं, उन्हाचं असेल. चहाच्या सुट्टीत उठले तर गुडघे दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. टेबलावरचे चाळीसेक नग राहिले होते, ते आधी संपवले. आता वाटतं, तेवढा वेळ तरी कशाला घालवला. पण सवय. फाटकाशी स्कूटरचं स्टँड काढायला गेले आणि पाय उचललाच नाही. संध्याकाळपर्यंत बेंबीच्या खाली काही उरलं नव्हतं. दुखत नव्हतं, जड वाटत नव्हतं. नुसतं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मणक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी विलासना बाहेर बोलावलं आणि पॅसेजमध्ये हळू आवाजात बोलायला लागले. मी आतून हाक मारली.

"डॉक्टर, पाय माझे आहेत. इकडे येऊन बोला."

ते आले, आणि स्टूल ओढून बसले हे मला आवडलं. कागदाच्या पाठीमागे पाठीचा कणा काढला आणि एका जागी पेनाने गोल केला. मज्जारज्जूला सूज आली आहे, म्हणाले. नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस. कुणाला शरीराचंच संरक्षण उलटून होतं, कुणाला कशाने होतं ते कळतच नाही. काही उठतात, काही अर्धे उठतात, काही उठत नाहीत.

"मी कोणत्यातली?"

"आज नाही सांगता येणार."

आमच्या टेबलावर हिरव्या आणि लाल ट्रेच्या मधे एक पिवळा ट्रे असायचा. ज्याचा निर्णय झाला नाही तो नग तिकडे. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे पिवळ्या ट्रेत. त्यांना कळलं नाही, पण ते हो म्हणाले.

दवाखान्यातले दिवस

आधी नगरला, मग पुण्याला. एकूण चार महिने. दिवस घड्याळावर चालायचा: दर दोन तासांनी कूस बदलायची. ज्याला पाठीखालची चादर चुरगळलेली कळत नाही, त्याची कातडी चादरच खाते. नगरला एकदा कुणीतरी साडेचार तास मला तसंच ठेवलं आणि माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली. ती भरायला अकरा आठवडे लागले. म्हणून पहिली गोष्ट ही लिहून ठेवा. घड्याळ तुमच्या उशाशी हवं, नर्सच्या टेबलावर नव्हे.

भीती वाटायची का? वाटायची. दुपारी तीनला, भेटायला आलेले निघून गेल्यावर. छताचे चौकोन मोजून झाले की मनात एकच विचार यायचा: आता सगळं आयुष्य कुणाला तरी हाक मारण्यात जाणार. मी दोनदा रडले. एकदा नळी पहिल्यांदा स्वतः घालायला शिकवली तेव्हा, आणि एकदा मावशींनी केस धुऊन दिले तेव्हा. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. त्यांनी कुणी न सांगता बादली आणली, डोकं पलंगाच्या कडेला घेतलं आणि शिकेकाईने केस धुतले. म्हणाल्या, "रडून घ्या, पानी डोळ्यात गेलं म्हनून सांगू." चार महिन्यांत औषधांनी काय केलं ते रिपोर्टमध्ये आहे. मावशींनी काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

पुण्याला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्या निम्म्या. पहिल्याच दिवशी मी हातांवर जोर देऊन अंग उचलायला गेले तर ओरडल्या. "हात तुम्हाला पुढची तीस वर्षं पुरवायचे आहेत. उचलू नका, सरका. उंची जुळवा आणि सरका." मग त्यांनी ती फळी दिली. पुढे जे काही जमलं ते या एका वाक्यावर जमलं आहे.

पाय परत आले नाहीत. डाव्या अंगठ्यात कधी कधी झिणझिण्या येतात, बस. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी मनातल्या मनात पिवळा ट्रे रिकामा केला. लाल ट्रेत टाकलं नाही. वेगळं माप, वेगळा नग.

ट्रेनिंग

आता आमची चूक सांगते. सगळ्यांची मिळून, आणि त्यात मी पहिली.

माझं माहेर नेवासा तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्यात. धरण भरलं की आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी पाणी वेढतं. चौथ्या बाजूला सात किलोमीटर काळ्या मातीची वाट आहे. पावसाळ्यापासून माघापर्यंत तिच्यावर फक्त ट्रॅक्टर चालतो, तोही आदळत. म्हणून वस्तीची माणसं होडीने येतात-जातात. दहा मिनिटांचं पाणी.

तिथे आई राहते, माझा धाकटा भाऊ भाऊसाहेब याच्याजवळ. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी दवाखान्यात गेले त्या दिवशीच भाऊसाहेबाने ठरवलं: "आईला सांगायचं न्हाई. तिचं काळीज बसंल." सांगितलं काय, तर कंपनीने मला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलंय. मीही उताणी पडल्या पडल्या फोनवर तेच बोलले. "जेवण बरं असतं का गं तिथं?" "बरं असतं, आई." पुढे ट्रेनिंग चेन्नईला गेलं. खोटं बोलणाऱ्याला प्रवास फार करावा लागतो.

घरी परतल्यावर मी म्हटलं, आता सांगू. भाऊसाहेब म्हणाला, आता सांगितलं तर इतके दिवस का लपवलं म्हणेल. त्यात त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच रोज उशीर होत गेला. आईला इकडे आणावं तर ती लेकीच्या घरी मुक्कामाला येत नाही. जुनी माणसं, लेकीच्या दारचं पाणीसुद्धा प्यायची नाहीत. आणि ट्रॅक्टरमधून मी जावं तर डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, सात किलोमीटर आदळत गेलात तर ती जखम पुन्हा उघडेल.

फोनवरून मी सांगितलं नाही याचं खरं कारण वेगळं होतं. फोनवर ऐकलं असतं तर आईच्या डोळ्यांसमोर खाटेवर पडलेली लेक आली असती, आणि ती तशीच राहिली असती. मला तिने आधी बसलेली बघायला हवी होती.

दीड वर्षाने आई फोनवर म्हणाली, "तुझं ट्रेनिंग सरंना. मीच सरंन त्याच्या आदी."

म्हणून मी भाऊबीजेला जायचं ठरवलं.

भाऊबीज

भाऊसाहेब अलीकडच्या काठावर मला घ्यायला आला, तीन दोस्त घेऊन. सगळे नवे कपडे घालून. होडी नामदेव तात्यांची. ते वस्तीवरचेच, चाळीस वर्षं मासेमारी करणारे. होडी पत्र्याची, चौदा फुटी, तिचं तोंड चिखलात रोवून उभी.

मी फळी काढली तर भाऊसाहेब म्हणाला, "आक्का, ती ठिव. माझी भैन घसटत जानार व्हय? आमी कशाला मेलोय?"

त्याने स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मला खुर्चीला घट्ट बांधलं. पडू नये म्हणून. चौघांनी खुर्ची माझ्यासकट उचलली, खांद्यापर्यंत. एकजण म्हणाला, "आक्काची वरात!" आणि खरंच, मला बरं वाटलं. दीड वर्षात इतक्या उंचावरून मी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची होडीतल्या बसायच्या आडव्या फळीवर ठेवली, ब्रेक लावला आणि चौघेही एकदम मागे सरले, कारण प्रत्येकाला वाटलं बाकीच्या तिघांनी धरलंय.

होडी चिखलातून सुटली, डावीकडे कलली, आणि मी खुर्चीसकट पाण्यात गेले.

पाणी गुडघाभर. गुडघाभर पाण्यात माणूस बुडतं, हे मला त्या दिवशी कळलं. खुर्ची माझ्या पाठीवर आणि मी उपरण्याने तिला बांधलेली. तोंड चिखलात. नामदेव तात्यांनी उडी मारली, गाठ सुटेना म्हणून मासे कापायच्या सुरीने उपरणं कापलं आणि मला केसाला धरून वर काढलं.

मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. भाऊसाहेब काठावर बसून लहान मुलासारखा रडला. गाडी लावून आलेले विलास म्हणाले, बास, आता होडीचं नाव काढायचं नाही. मी ओल्या कपड्यांत घरी आले आणि भाऊसाहेब एकटा वस्तीवर गेला. आईने ओवाळणीचं ताट लावून ठेवलं होतं. त्याने सांगितलं, आक्काला सुट्टी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला, त्याच्याच फोनवरून. "सांग तिला, आता माझ्या मयतीलाच ये." त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही.

कारण लिहा

वर्कशॉपमध्ये माल नापास झाला की ओरडायचं नाही, कारण लिहायचं, असा नियम होता. आणि 'निष्काळजीपणा' हे कारण चालायचं नाही. कशामुळे, ते लिहा. मी वही काढली.

माणूस खुर्चीला बांधलं होतं. वजन उंचावर होतं. होडी बांधलेली नव्हती. काठ उतरता आणि निसरडा होता. हुकूम देणारा एकच माणूस नव्हता. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, कारण गुडघाभर पाण्याला कोण घालतं. आणि सर्वांत शेवटी, खूप वेळाने लिहिलं: मला सगळं कळत होतं तरी मी गप्प बसले, कारण चारचौघांत घसटत जायची मला लाज वाटली.

मग नामदेव तात्यांना फोन लावला.

"तात्या, होडीतून तुम्ही जड माल काय काय नेता?"

"समदंच की. खत, शेळ्या, मोटारसायकल. मागल्या महिन्यात भाऊसाहेबाच्या न्हानीघराला सिमिट नेलं, तीस गोन्या."

"ते कुठून चढवलं?"

"मोटारीच्या वट्यावरनं. पान्यात गेल्याल्या हिरीची मोटार हुती ना, तिचा वटा हाय अजून. गाडी थेट वट्याला लागती, पानी वट्याच्या येक वीत खाली. होडी आडवी लावायची, दोन्हीकडनं बांधायची, गोनी सरकवायची. थेंब लागत न्हाई."

"मग मला चिखलातून का चढवलं?"

"आता... सिमिट भिजलं तर वाया जातं, आक्का. मानसाला काय, पाय धुतो आन् जातो."

"मला पाय नाहीत, तात्या."

"व्हय," ते म्हणाले. "ते आमच्या ध्यानातच आलं न्हाई. आमी तुमाला मानूस म्हनून चढिवलं."

"आता सिमेंटसारखं चढवा."

ते हसायला लागले, मग मीही. तेवढ्या फोनवर अर्धं काम झालं. आईला यातलं काही कळू देऊ नका म्हटलं तर म्हणाले, "माझ्याकडनं न्हाई कळायचं. पर लवकर या. म्हातारी रोज सांजच्याला घाटावर येऊन बसती."

पायऱ्या

मापं तात्यांनी सुतळीने घेऊन दिली. माझ्या खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणीस इंच. मोटारीच्या ओट्यापासून होडीची आडवी फळी चार इंच खाली, आणि फळीपासून होडीचा तळ दहा इंच खाली. एका दमात हे उतरता येत नाही. उंची जुळवा आणि सरका. मधे पायरी हवी. घरामागे टोमॅटोची प्लास्टिकची कॅरेटं पडली होती. पालथं कॅरेट बारा इंच. मापात बसलं.

पंधरा दिवस मी हॉलमध्ये सराव केला. खुर्चीतून कॅरेटवर, कॅरेटवरून जमिनीवर, जमिनीवरून घडी घातलेल्या गोधड्यांवर. विलासना एकच काम दिलं: माझ्या कमरेचा पट्टा मागून धरायचा, उचलायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सहा वेळा उचललं.

"अहो, सोडा."

"पडशील."

"कॅरेटवरून पडून पडून कुठे पडेन? फरशीवर. आहेच ती तिथे."

आठव्या दिवशी त्यांनी नुसता पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायले. तेव्हा मला कळलं की आता जमेल.

ओट्यावर

तर नऊ नोव्हेंबर. सकाळी दहाला आम्ही ओट्याशी पोचलो. सिमेंटचा सपाट चौथरा, मोटारीचे गंजलेले बोल्ट अजून वर आलेले. तात्यांनी होडी आडवी लावून दोन दोर त्याच बोल्टांना बांधले होते. होडी आणि ओटा यांच्या फटीत स्कूटरचे दोन जुने टायर, म्हणजे होडी आपटत नाही आणि बोटं चिरडत नाहीत. पलीकडच्या बाजूला वाळूच्या दोन गोण्या, कारण माझं वजन आधी अलीकडच्या बाजूला पडणार. तळाशी रिकामी पोती आणि त्यावर माझ्या खुर्चीची दुसरी गादी. तात्या पलीकडे बसलेले.

ओट्यावर जाण्याआधी मी सगळ्यांना नियम सांगितले. सगळे म्हणजे दोघंच. होडीत कुणी उभं राहायचं नाही. मी 'हं' म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि कुणी मला कशालाही बांधायचं नाही.

"व्हय, मास्तरीनबाई," तात्या म्हणाले.

लाइफ जॅकेट घातलं. पायात जाड मोजे आणि बूट, कारण मला न कळणारा पाय पत्र्याला घासला तर मला संध्याकाळी कळतं. खुर्ची ओट्यावर कडेपासून दोन हात आत, ब्रेक लावून, चाकामागे दगड. फळी खुर्चीपासून कॅरेटवर. सरकले. कॅरेटवरून ओट्यावर, सतरंजीवर. इथपर्यंत घरच्यासारखंच. मग ढुंगणावर सरकत कडेला आले, हाताने एकेक पाय उचलून होडीत सोडला, फळी ओट्यावरून आडव्या फळीवर टाकली.

इथे मी थांबले. फळीखाली पाणी दिसत होतं. हिरवं, आणि तेच. नाकात चिखलाचा वास आला, खरा होता की आठवणीतला ते सांगता येत नाही. मागे विलासचा हात पट्ट्यावर होता, पण तो उचलत नव्हता. फक्त होता.

तात्या पाण्याकडे बघत म्हणाले, "गोनी काय बोलत न्हाई, तुमचं बरं हाय. तुमी सांगा, कदी."

"हं," मी म्हटलं.

सरकले. चार इंच उतार, मेणाने गुळगुळीत. होडी जराशी वाकली, वाळूच्या गोण्यांनी तिला धरलं, ती पुन्हा सरळ झाली. मी आडव्या फळीवर होते. तिथून तात्यांनी समोरून गुडघे धरले, विलासनी मागून बगलेत नुसता हाताचा आधार दिला, आणि मी गादीवर, होडीच्या तळाशी, मधोमध टेकले. मग घडी केलेली खुर्ची आत आली. तिच्या दांड्याला दोरीने एक रिकामा कॅन बांधला होता. बुडाली तर ती बुडेल, मी नाही, आणि कॅन दाखवेल कुठे आहे ती.

सगळं मिळून बावीस मिनिटं लागली. विलास चढले, बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी उचललं नाही."

"पाहिलं मी," मी म्हटलं.

तात्यांनी दोर सोडले. तळाशी बसल्यावर होडीची कड कोपराला येते आणि पाणी अगदी डोळ्यांशी लागतं. वल्ही पडत होती. उन्हात पाणकोंबड्या होत्या. मी दोन्ही हात कडेवर पसरून बसले आणि दीड वर्षात पहिल्यांदा कुणी ढकलत नसताना पुढे गेले.

पलीकडे

ठरवलं होतं असं: वस्तीच्या घाटावर भाऊसाहेब एकटा येईल, मी उतरेन, खुर्चीत नीट बसेन, केस सारखे करेन, आणि मग घरी जाईन.

घाट जवळ आला तर तिथे दोघं होते. भाऊसाहेब गोधड्या काखेत मारून निघालेला बघून आई मागोमाग आली होती. तिने डोळ्यांवर हात धरला. तिला काय दिसलं ते मी सांगू शकते: पोत्यांमध्ये बसलेली, नारिंगी जॅकेट घातलेली लेक, शेजारी चाकं.

होडी धुण्याच्या दगडाला लागली. भाऊसाहेब होडी धरायचं विसरून आईकडे बघत राहिला, तात्या मागून "धर, धर" म्हणत राहिले, आणि होडी पुन्हा सुटायला लागली.

आईने लुगड्याचा ओचा खोचला, पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

"कोन धरनार ही?" ती भाऊसाहेबाला म्हणाली. "माझ्या त्वांडाकडं काय बगतूस?"

मग मी उतरले. उतरताना आधी खुर्ची, मग माणूस. विलास आणि भाऊसाहेब यांनी तळावरून आडव्या फळीवर घेतलं, तिथून दगडावर रचलेल्या गोधड्यांवर मी माझी सरकले, गोधड्यांवरून खुर्चीत. मी 'हं' म्हणायची आणि आई तेवढ्यापुरती कड घट्ट दाबायची. पूर्ण वेळ ती मांडीभर पाण्यात उभी होती आणि होडी बोटभर हलली नाही.

मी खुर्चीत बसल्यावर ती वर आली. माझ्या बुटांकडे बघितलं.

"कवापासून?"

"दीड वर्ष झालं."

"आन् मला टरेनिंग."

"हो. चुकलं माझं."

तिने भाऊसाहेबाच्या पाठीत एक धपाटा घातला, पन्नाशीच्या माणसाच्या. विलासना जावई म्हणून सोडलं. माझ्याशी मात्र संध्याकाळपर्यंत बोलली नाही. भाकरी वाढली, पाणी दिलं, बोलली नाही. दिवेलागणीला पाणी गरम करून आणलं, मी आधी मनगट बुडवून बघितलं, आणि तिने माझे पाय धुतले. मग पोटरीला करकचून चिमटा काढला.

"कळतंय?"

"नाही."

दुसऱ्या पायाला काढला. "ह्ये?"

"नाही. डाव्या अंगठ्यात थोडं."

तिने अंगठा धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. "मी तिकडं यीन म्हनून लपिवलंस?"

"तू मला पडलेली बघशील म्हणून."

"पडल्याली बी माझीच हुती की," ती म्हणाली. "तुला चालायला येत नव्हतं तवा काय मी तुला लपिवली हुती?"

आजारी माणसाच्या घरच्यांना मी एवढंच सांगेन. ज्याचं काळीज बसेल म्हणून लपवता, त्याला एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा काळीज आपलंच कच्चं असतं.

सकाळ

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वस्तीवरच्या बाया यायला लागल्या. बातमी रात्रीत घरोघर गेली होती. आईने माझी खुर्ची अंगणात उन्हाला घेतली, मांडीवर सूप ठेवलं आणि सुपात ओंजळीओंजळीने भुईमुगाच्या शेंगा ओतल्या.

पहिली बाई आली ती पदर तोंडाला लावूनच. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "रडायला आली असशील तर माघारी जा. इचारायला आली असशील तर ती बसलीय, तिलाच इचार. तिचं पाय चालत न्हाईत. बाकी समदं चालतंय."

बाई पदर सोडून माझ्यासमोर बसली आणि विचारायला लागली. मी आजाराचं नाव सांगितलं. तिला ते म्हणता येईना, तर दोनदा सांगितलं. कातडीची जखम, नळ्या, फळी, होडी, सगळं सांगितलं. मग दुसरी आली, तिलाही सांगितलं. कुणी सूप पुढे ओढून हात लावायला गेलं तर आई ओरडायची, तिचं तिला करू दे.

दहा वाजेपर्यंत मी अकरा जणींना सगळं सांगितलं आणि पायलीभर शेंगा फोडल्या.